माथेरानच्या चढावरची गाडी

हिंगोलीवरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. मग नेरळ–माथेरानचे रूळ आजही दोन फुटांवरच का? उत्तर डोंगरातच आहे.

आल्प्समधील रिगी पर्वतावर १८७१ मध्ये गाडी चढली ती दातेरी रुळाच्या आधाराने. तेथे चढ चारास एक इतका आहे. माथेरानला असा रूळ नाही. चाक आणि रूळ यांतील घर्षणावरच सारी भिस्त, म्हणून सर्वांत तीव्र चढ वीसास एक ठेवला. परिणामी सातशे मीटरांहून अधिक उंची गाठण्यास सुमारे २१ किलोमीटरांचा वळसा पडला. वर्गात भागाकार करून पाहावा: सरासरी चढ तीसास एकच्या आसपास येतो. हा वळसा डोंगराच्या कडेने इतका वाकडातिकडा जातो की रुंद मार्ग तेथे मावणार नाही. सुरुवातीच्या जर्मन इंजिनांचे आससुद्धा वळणावर बाजूला सरकतील असे बनवलेले होते.

अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०४ मध्ये काम आरंभले. पैसा वडिलांचा, सर आदमजींचा. खर्च सुमारे १६ लाख रुपये. एका कुटुंबाचे हे धाडस आम्हांला इंजिनांइतकेच थक्क करते. १९०७ मध्ये गाडी धावू लागली. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला. शंभरी भरली त्याच वर्षी, २००७ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला.