चोराची चिठ्ठी

पावसाळ्यात शाळेला सुट्टी पडली की घरात चिठ्ठ्यांचा खेळ रंगायचा. वहीच्या पानाचे चार तुकडे करायचे आणि त्यांवर लिहायचे राजा, मंत्री, शिपाई, चोर. घड्या घालून फेकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. राजाला हजार गुण, चोराला शून्य. चोर कोण हे चेहऱ्यावरून ओळखायचे. चोराची चिठ्ठी आलेला मुलगा दोन मिनिटे हिरमुसायचा, पण पुढच्या डावात तोच राजा व्हायचा. चिठ्ठ्या पुन्हा घोळल्या जात म्हणूनच तो खेळ होता.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत काही मुलांच्या वाट्याला आलेली चिठ्ठी मात्र बदलत नाही. ही मुले पारधी समाजाची. बाजारात पारधी बाई दिसली की पिशव्या सावरल्या जातात, गावात चोरी झाली की पहिला संशय पालांकडे जातो. हा संशय आला कुठून, याचा शोध घेताना मला एका परदेशी खेळाची वाट सापडली. तिथूनच सुरुवात करतो.

टेबलावरचा खेळ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत 1974 साली आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत उतरतात. काय घडेल ते फासे टाकून ठरते. खेळाबरोबर जाडजूड पुस्तके येतात. त्यांत त्या काल्पनिक जगातले प्रदेश आणि तिथल्या जमाती यांचे तपशील असतात.

याच खेळासाठी 1983 साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाचे साहस लिहिले. त्यात धुक्याने वेढलेला प्रदेश आहे, रक्त पिणारा सरदार आहे आणि रंगीत गाड्यांतून फिरणारी एक भटकी जमात आहे. पुढे या जमातीला ‘व्हिस्तानी’ हे नाव पक्के झाले. हे लोक पत्ते मांडून भविष्य सांगतात, दृष्ट लावतात, शाप देतात आणि त्या रक्तपिपासू सरदाराची चाकरी करतात. 2016 च्या नव्या आवृत्तीतही हे चित्र फारसे बदलले नव्हते. दारू, आळस आणि लबाडी ही त्यांची ओळख कायम होती.

व्हिस्तानी काल्पनिक आहेत, पण त्यांचा साचा ज्यांच्यावरून घेतला ते खरे आहेत. ते युरोपातले रोमा लोक, ज्यांना जग ‘जिप्सी’ म्हणते. हा साचाही हिकमन जोडप्याने घडवलेला नव्हता. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत जिप्सी त्या सरदाराची पेटी वाहून नेतात. कादंबरीतून चित्रपटात आणि चित्रपटातून खेळात असा तो प्रवास झाला.

रोमा आपल्याला परके नाहीत. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून बाहेर पडले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाक’ किंवा ‘नाख’ म्हणतात. दोनसाठी ‘दुई’, पाचसाठी ‘पांज’. आजच्या रोमानियाच्या भागात ते शतकानुशतके गुलाम होते. ती गुलामी कायद्याने संपली ती 1855-56 मध्ये. पुढे नाझींनी लाखो रोमा मारले. ज्यांना विकत घेतले जात होते आणि ज्यांचा संहार झाला, तेच गोष्टीत मात्र शाप देणारे झाले.

एक कादंबरी आणि एक कायदा

अशाच गोष्टी हिंदुस्थानातही लिहिल्या गेल्या. 1839 साली लंडनमध्ये फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली आणि गाजली. टेलर निजामाच्या नोकरीत होता, आपल्या नळदुर्गच्या परिसरातही त्याने काम केले. त्याचा नायक अमीर अली मुसलमान आहे, ठगी करतो आणि कबुलीजबाब देतो. इंग्रज वाचकाच्या मनात ठरावीक लोक जन्मानेच गुन्हेगार असतात ही कल्पना रुजवण्यात अशा लेखनाचा मोठा हात होता. आपल्यापैकी अनेकांना इथे आजचे चित्रपट आठवतील.

1871 साली सरकारने हीच कल्पना कायद्यात आणली. गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. एखादी जमात यादीत घातली गेली की त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येत नसे. बोटांचे ठसे घ्यायचे, पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायचे तर परवानगी घ्यायची. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद त्यात होती. इंदापूरवरून पुढे जाणारा रस्ता ज्या सोलापूरला पोहोचतो, तिथे तारेच्या कुंपणात अशी मोठी वसाहत होती. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो.

पारधी मुळात शिकारी. फासेपारधी हे नाव फाशांवरून आले, पण हे फासे टेबलावरचे नव्हेत. तितर, लावा, ससे पकडण्याचे हे फास. हरणांच्या कळपांपासून पिके वाचवायला शेतकऱ्यालाही त्यांची गरज असे. जंगले सरकारी झाली, माळराने शेतीखाली गेली आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला. धंदा गेला, जमीन मिळाली नाही, शिक्का राहिला.

मुंबई प्रांताने तो कायदा 1949 मध्ये रद्द केला. देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण त्यांच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली.

जून 1998 मध्ये पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा बारामतीत पोलिस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर हा विमुक्त जमातीचा तरुण कोठडीत मारला गेला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी त्या वर्षी विमुक्तांच्या हक्कांसाठी मंच उभा केला. दिलीप डिसूझा यांनी 2001 च्या आपल्या पुस्तकात बारामतीची ही हकीकत लिहिली. अहमदाबादच्या छारा तरुणांच्या ‘बुधन थिएटर’ने पिन्यावर नाटक केले. बारामती म्हटले की आपल्याला राजकारण आठवते, ऊस आठवतो, मोरोपंत आठवतात. पिन्या काळे किती जणांना आठवतो?

आपल्या तोंडातला शब्द

इंग्रजीत फसवण्यासाठी ‘जिप’ असे क्रियापद आहे आणि ते जिप्सीवरून आले. आपणही मागे नाही. ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ असे मथळे मराठी वर्तमानपत्रांत रोज येतात. राजपूत भामटा ही महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतली एक जात आहे. त्या जातीचे मूल शाळेत हा मथळा वाचते तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार मी स्वतः बरीच वर्षे केला नव्हता. हा शब्द मी बिनदिक्कत वापरत आलो.

मुस्लिम म्हणून तर आपण जास्त विचार करायला हवा. त्याच विमुक्तांच्या यादीत छप्परबंद आहेत. त्यांत मुसलमान आहेत. नाव छपरे शाकारण्यावरून पडले. इंग्रजांनी मात्र त्यांना खोटी नाणी पाडणारी जमात ठरवले. भटक्या जमातींच्या यादीत मुस्लिम मदारी, गारुडी, अस्वले खेळवणारे दरवेशी आहेत. इंदापूरच्या चांदशाहवली बाबांच्या दर्ग्यासारख्या ठिकाणी उरुसाला आपण सगळे एका रांगेत उभे असतो. घरी परतल्यावर मात्र “सामान संभालो, पारधी आये हैं” हे वाक्य आपल्याच दखनीत ऐकू येते. मदाऱ्याच्या घरी सोयरीक करायला आपल्यातले किती जण तयार होतील?

कुणा एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या कौमला जबाबदार धरू नका, असे आपण प्रत्येक स्फोटानंतर, प्रत्येक दंगलीनंतर सांगत आलो आहोत. प्रत्येक जीव आपापल्या कर्माचा हिशेब देईल, दुसऱ्याचे ओझे कुणी वाहणार नाही, ही कुरआनची शिकवण आपण त्यासाठी पुढे करतो. मग हीच शिकवण पालातल्या माणसाला का लागू करत नाही?

पुस्तके बदलतात

जून 2020 मध्ये त्या खेळाच्या कंपनीने, ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने, व्हिस्तानींच्या चित्रणात रोमा लोकांविषयीचे जुने पूर्वग्रह होते, हे जाहीरपणे मान्य केले. रोमा सल्लागाराला सोबत घेतले आणि नव्या छपाईत मजकूर बदलला. बदल थोडा आहे, उशिरा झाला, धंद्याचे गणितही त्यात असेल. तरीही छापलेले पान बदलता येते, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीवरून कामे वाटणारी कलमे आणि विमुक्तांना जन्माने सराईत गुन्हेगार मानणारी भाषा होती. ती घटनाबाह्य ठरली. कायदा रद्द झाल्यावरही सत्तर वर्षांहून अधिक काळ ती भाषा त्या पुस्तिकांत टिकून होती.

खेळाचे पुस्तक कंपनीने बदलले, तुरुंगाचे पुस्तक न्यायालय बदलायला लावते आहे. आपल्या बोलण्यात बदल करायला ना कंपनी येणार, ना न्यायालय. मी ‘भामटा’ हा शब्द सोडला आहे. फसवणाऱ्याला ‘ठकसेन’ म्हणता येते, नुसते ‘फसवणारा’ म्हटले तरी चालते. पुढच्या जुम्याला पालावरून एखादा माणूस मशिदीच्या दारात आला, तर चपला मोजण्याआधी त्याला सलाम करू. तिथून सुरुवात होऊ शकते.