जुनी फोर बाय फोर जीप घेताय? किंमत नंतर विचारा, आधी वर्षाचा खर्च मांडा

पोखर्णी (ता. परभणी) : सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या गावोगावचे रस्ते पाण्याखाली गेले. तेव्हापासून "एखादी जुनी फोर बाय फोर मिळते का बघा," असं विचारणारे वाढलेत. आपली काळी माती भिजली की साधी गाडी पाणंदीत फसते, हे खरंच आहे. पेशंट असो की बाळंतीण, तिला डांबरीपर्यंत आणायला अशी गाडी कामाला येते. माझ्याकडं 2004 ची बंद बॉडीची डिझेल जीप आहे. गाडी घेताना कमी पैसे लागतात, सांभाळताना जास्त लागतात. म्हणून हा हिशोब.

उभ्या गाडीचा खर्च

गाडी पळो ना पळो, हे पैसे द्यावेच लागतात.

- आरसी नूतनीकरण : खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. नंतर गाडी परिवहन कार्यालयात दाखवून दर 5 वर्षांनी वाढवून घ्यायची. 15 वर्षांपुढच्या चारचाकीला 5,000 रुपये फी आहे. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपुढच्या गाडीला 10,000 रुपये झाली. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर केला तर महिन्याला 500 रुपये जादा.
- पर्यावरण कर : 15 वर्षांपुढच्या डिझेल गाडीला 5 वर्षांचे 3,500 रुपये.
- थर्ड पार्टी विमा : 1500 सीसीच्या वरच्या खासगी गाडीला वर्षाला 7,897 रुपये. 18 टक्के जीएसटी धरून 9,318. जुन्या डिझेल जीपा बहुतेक याच गटात येतात.
- पीयूसी : बीएस-3 आणि त्याआधीच्या गाडीला दर 6 महिन्यांनी.
- एचएसआरपी पाटी : एकदाच, जीएसटीसह 879 रुपये.

20 वर्षांपुढच्या गाडीची फी आणि कर 5 वर्षांत वाटला, त्यात विमा आणि पीयूसी धरली, तर वर्षाला 12 हजाराच्या पुढं जातं. म्हणजे जीप गोठ्याशेजारी नुसती उभी राहिली तरी महिन्याला हजार रुपये खाते.

"डिझेल गाडी 10 वर्षांनी बंद" असे मेसेज फिरतात. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता आहे. आपल्याकडं गाडी तपासणीत पास झाली तर आरसी वाढवून मिळते.

पळणाऱ्या गाडीचा खर्च

परभणीत इंधन राज्यातल्या महागड्या ठिकाणांपैकी. टँकर मनमाडहून येतो, वाहतूक खर्च आपल्याच माथी. हिशोबाला डिझेल 93 रुपये आणि ॲव्हरेज 10 धरा. पोखर्णीहून परभणीला जाऊन-येऊन 40 किलोमीटर धरले तर 370 रुपयांचं डिझेल. चिखलात फोरव्हील टाकलं की ॲव्हरेज आणखी उतरतं.

वर्षाला 6,000 किलोमीटर चालली तर माझ्या वहीप्रमाणं साधारण असं बसतं :

- डिझेल : 55,800
- कागदपत्रं, विमा : 12,000
- टायर, बॅटरी (वर्षाचा वाटा) : 7,400
- ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग : 7,000
- दुरुस्तीसाठी बाजूला : 15,000

एकूण 97,200. किलोमीटरला 16 रुपये. आणि तीच गाडी वर्षाला 2,000 किलोमीटरच चालली तर खर्च 60 हजार, म्हणजे किलोमीटरला 30 रुपये! "कधीतरीच काढतो, खर्च काय येणार" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

फोरव्हीलचा जादा खर्च

साध्या जीपला नसलेला पुढचा डिफरन्शियल, छोटा गियरबॉक्स, जादा शाफ्ट आणि त्याचे क्रॉस इथं असतात. प्रत्येकात वेगळं ऑइल, प्रत्येकाचं वेगळं सील.

मी पहिल्या वर्षी पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल बघितलंच नाही. ओढ्यातून गाडी काढली होती, पाणी आत गेलं. मिस्त्रीनं खोललं तेव्हा ऑइल दुधासारखं पांढरं, बेअरिंग गेलेलं. चूक माझीच. तेव्हापासून नियम केलाय :

1. पाण्यातून गाडी काढली की ऑइल बघायचं. पांढरं दिसलं तर लगेच बदलायचं.
2. कोरड्या डांबरीवर फोरव्हील टाकायचं नाही. पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात, टायर आणि गियर दोन्ही झिजतात.
3. चारही टायर एकाच मापाचे ठेवायचे.
4. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोरव्हील टाकून थोडं चालवायचं. नाहीतर सील सुकतं, दांडा जाम होतो.

आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर फोर बाय फोर असो नाहीतर ट्रॅक्टर, थांबायचं. इंजिनात पाणी गेलं तर थर्ड पार्टी विम्यातून एक रुपया मिळत नाही.

बाँडवर व्यवहार नको

आपल्याकडं शंभर-पाचशेच्या बाँडवर गाडी विकून मोकळं होतात. नाव बदलतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय, आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे गाडी विकून तुम्ही घरी निवांत बसलात आणि तिकडं अपघात झाला, तर नोटीस तुमच्या दारात. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात 14 दिवसांच्या आत कार्यालयाला कळवायचं असतं. फॉर्म 29 आणि 30 भरा, नवीन आरसीवर नाव आलेलं डोळ्यानं बघा.

पांढऱ्या पाटीची जीप लग्नाला, यात्रेला भाड्यानं देऊ नका. विमा खासगी वापराचा असतो. भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते, मग जमिनीवर येतं. विमाच नसेल तर पहिल्यांदा 2,000, पुन्हा सापडलात तर 4,000 रुपये दंड. तुरुंगाचीही तरतूद आहे.

मग घ्यावी का?

वस्ती डांबरीपासून लांब असेल, पावसाळ्यात दुसरा मार्ग नसेल, तर घ्या. पण जेवढ्याला जीप घ्याल त्याशिवाय पहिल्या वर्षासाठी 40 हजार वेगळे ठेवा. तेवढे हातात नसतील तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या. खर्च वाटून घ्या, पण आरसी एकाच्या नावावर आणि विमा चालू ठेवा. रात्री दोनला पेशंट असताना सुरू होणारी जीपच कामाची, दारात नुसती उभी असलेली नाही.