नाणेघाट : वाट आणि बंदर

जुन्नरहून पश्चिमेस निघालें असतां अखेरीस पठार एकाएकी तुटतें आणि खालीं कोंकण दिसूं लागतें. तेथील खिंडींतून दगडी पायऱ्यांची जी जुनी वाट उतरते तीच नाणेघाट. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात.

रांजणाची ही कथा आम्हांसही प्रिय आहे; परंतु घाटाचें खरें दप्तर जवळच्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत कोरलेलें आहे. तो प्राकृत लेख सातकर्णीची राणी नागनिका हिचा असें विद्वान् मानतात. त्यांत अश्वमेध, राजसूय आदि यज्ञ आणि त्या प्रसंगीं दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची गणना आहे. राजकुलाचे पुतळेही येथें होते. आतां त्यांचीं नांवें तेवढीं वाचावयास मिळतात.

हा वैभवाचा लेख राजधानींत न कोरतां आडरानांतील खिंडींत कां कोरविला? आमच्या मतें याचें उत्तर वाटेंतच आहे. पैठण, जुन्नर इकडील माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे नेणारे तांडे येथें विसावत. राज्याचें वैभव ज्यांना दाखवावयाचें, ते लोक येथूनच जात.

परंतु वाटेचें भाग्य वाटेच्या हातीं नसतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत म्हटलें आहे कीं, कल्याण बंदरांत पुढें अडथळा उत्पन्न होऊन तेथें येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेण्यांत येत. त्याच ग्रंथाप्रमाणें पैठण व तेर येथील मालही गाड्यांतून भडोचेसच जाई. अशा वेळीं नाणेघाटाच्या पायऱ्या तशाच राहिल्या, तरी त्यांवरील वर्दळ उणावली असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

अर्वाचीन काळींही तेंच घडलें. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ सालीं तेथून आगगाडी धांवूं लागली, आणि व्यापार तिकडे वळला. नाणेघाट कोणीं मोडला नाहीं. त्याचें काम तेवढें दुसऱ्या घाटानें घेतलें.

म्हणून त्या रांजणाजवळ उभे राहिल्यावर आम्हांस नाण्यांपेक्षां खालच्या बंदराचीच आठवण अधिक होते. घाट डोंगरांत असतो, पण त्याचा उदयास्त समुद्रकांठीं ठरतो.