नगरला ज्वालामुखीचा धोका किती?

कुठे जमिनीतून आवाज आले किंवा बोअरला कोमट पाणी लागले, की आपल्याकडे ज्वालामुखीची अफवा उठते. त्या भीतीला हसण्याचे कारण नाही. आपण राहतो तो काळा खडक लाव्ह्याचाच आहे. म्हणून नगर जिल्ह्यापुरता हा धोका मी इतिहासाच्या बाजूने तपासून पाहतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. अकोले तालुक्यातले कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे राज्यातले सर्वोच्च शिखर, त्याच थरांचे आहे. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या एका गटाला कळसूबाईचेच नाव दिले आहे. पुढे आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. ज्या उष्ण स्रोतातून हा लाव्हा आला, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. भारतात आज जागृत ज्वालामुखी आहे तो अंदमानातल्या बॅरन बेटावर. थोडक्यात, नगरमध्ये लाव्हा उसळण्याचा धोका जवळजवळ शून्य.

पण धोका मोजताना नुसते संकट मोजून भागत नाही. त्याच्या वाटेत कोण आहे आणि किती दुबळे आहे, हेही पाहावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. तो भूकंप ज्वालामुखीचा नव्हता. माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर पडून. दगड याच काळ्या खडकाचा. तशी जुनी घरे आपल्या जिल्ह्यातल्या गावांतही उभी आहेत.

या खडकाचा दुसरा धोका आवाज करत नाही. तो म्हणजे पाणी. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. ते साठते भेगांत आणि कुजलेल्या, म्हणजे मुरमाड थरात. अशा थरातून हाती येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरले जाते. म्हणजे शंभर घागरी खडकामागे दोन घागरी पाणी. त्यात जिल्ह्याचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्यांना हे गणित शिकवावे लागत नाही.

मलिक अहमदने शहर वसवले ते याच खडकावर. निजामशाहीने पाण्याची सोय केली ती आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी आणून. कापूरवाडी, वडगाव, भिंगार या बाजूंनी आलेल्या नळांचे पाणी हौदांत आणि बागांत खेळत असे. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याने भातोडीला तलाव बांधला. शहराबाहेरच्या डोंगरावरची त्याची कबर लोक चांदबिबीचा महाल म्हणून पाहायला जातात, तलाव मात्र फार थोड्यांना आठवतो. १६२४ मध्ये त्याच परिसरात भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मुघल आणि आदिलशाही फौजेला चिखलात अडकवल्याचे सांगितले जाते. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. इथे पाण्याची किंमत किती, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

माझी तक्रार आपल्या लोकांशी आहे. निजामशाहीचा वारसा म्हटले की आपण मशिदी, मकबरे आणि किल्ला मोजतो. शहराच्या नावावर तावातावाने बोलतो. नळ, हौद आणि तलाव मात्र मोजत नाही. वजू करताना नळ सोडून ठेवतो आणि मशिदीच्या आवारात बोअर आणखी शंभर फूट खाली नेतो. खालचा पाषाण तेवढ्याने पाझरत नाही.

तेव्हा ज्वालामुखीची अफवा आली तर घाबरू नये, पण तिच्या निमित्ताने दोन कामे करावीत. आपल्या वस्तीतल्या जुन्या दगड-मातीच्या भिंती जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. आणि विहिरीची पातळी पावसाळ्याआधी व नंतर वहीत लिहून ठेवावी. मशिदीच्या कमिटीला हे सहज जमेल. पाणी ही अमानत आहे, असे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. अमानतीचा हिशेब तोंडी ठेवत नाहीत.