हिमलोट

हिमलोट : पर्वताच्या उतारावर साठलेले हिम आधार सुटून एकदम खाली लोटते, त्या घटनेला हिमलोट म्हणतात. हिमस्खलन हा त्याचाच पर्यायी शब्द. वर्तमानपत्रांत बहुधा ‘हिमकडा कोसळला’ असे छापून येते, पण हा शब्द दिशाभूल करणारा आहे. कडे कोसळतात ते हिमनदीच्या तुटक्या तोंडाशी किंवा लोंबत्या बर्फाचे. गिर्यारोहकांचे बळी घेणारा लोट पुष्कळदा साध्या दिसणाऱ्या, गुळगुळीत, पांढऱ्या उतारावरून सुटतो. तो उतार पाहून कोणाला भीतीही वाटत नाही. मराठवाड्याच्या बोलीत हिम आणि बर्फ यांत फरक करत नाहीत, दोन्ही ‘बर्फ’च. डोंगरात मात्र भुरभुरीत हिम कोणते, घट्ट बर्फ कोणता आणि त्यांचे थर कसे रचले गेले आहेत, यावर जीव अवलंबून असतो.

नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर. या दोन जिल्ह्यांत गारपीट होते, हिमवर्षाव कधीच होत नाही. तरीही हिमलोटाची बातमी या भागात पोहोचते, कारण इथली माणसे हिमालयात जातात : सैन्यात, यात्रेला आणि अलीकडे हिवाळी ट्रेकला. नांदेडचा संबंध तर आणखी जवळचा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. त्यांच्याच पूर्वजन्मीच्या तपाशी जोडलेले हेमकुंड साहिब उत्तराखंडात ४,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथली वाट यात्रा सुरू होण्याआधी सैन्याचे जवान हिम कापून मोकळी करतात. त्या वाटेवर अटलाकोटीपाशी भर यात्रेच्या दिवसांतही हिमाचा पट्टा ओलांडावा लागतो. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाराचे दर्शन घेऊन सचखंड एक्स्प्रेसने उत्तरेकडे जाणाऱ्या भाविकालाही म्हणून या नोंदीतला मजकूर लागू पडतो.

लोट कसा सुटतो : लातूरच्या आडत बाजारात तुरीची रास वाढताना पाहावी. एका मर्यादेपर्यंत ती उंच होते, मग बाजूने दाणे घरंगळतात आणि रास पसरते. ताजे, कोरडे हिम असेच एका ठिपक्यापासून सुटून खाली पंख्यासारखे पसरत जाते. हा सुटा लोट. खरा घातकी प्रकार निराळा. वाऱ्याने दाबून बसवलेला हिमाचा घट्ट थर जेव्हा साखरेच्या दाण्यांसारख्या ठिसूळ थरावर टेकलेला असतो, तेव्हा कोरड्या वाळूवर तिरकी ठेवलेली शहाबादी फरशी डोळ्यांपुढे आणावी. माणसाचे पाऊल पडते, खालचा ठिसूळ थर खचतो, तडा क्षणात दूरवर धावतो आणि अख्खी लादी सुटते; हा लादीलोट. तडा पुष्कळदा माणसाच्या वरच्या बाजूला जातो, म्हणजे माणूस सुटलेल्या लादीच्या मधोमध असतो. हिमलोटात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांचा लोट त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या वजनाने सुटलेला असतो, हे जगभरच्या नोंदींतून वारंवार दिसले आहे.

लादीलोट प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या कड्यावर हिम फारसे साठतच नाही. सह्याद्रीत वाढलेल्या गिर्यारोहकाची चूक नेमकी इथे होते. उभ्या कातळावर दोर लावून चढलेल्या माणसाला ३५ अंशांचा उतार म्हणजे चालण्याची वाट वाटते. कातळावरचा आत्मविश्वास तिथे कामाला येत नाही, उलट आड येतो.

ऋतूचा हिशेबही उलटा आहे. सह्याद्रीत आणि माहूरच्या डोंगरांत चढाईचा उत्तम काळ हिवाळ्याचा : आकाश स्वच्छ, खडक कोरडे, ऊन सोसण्याजोगे. हिमालयातील मोठ्या मोहिमा बहुधा एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात होतात. डिसेंबर ते मार्च पश्चिमी झंझावात लागोपाठ येतात आणि पीर पंजाल, गढवाल, लाहौल यांवर हिमाचे ढीग टाकतात. झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात आणि परभणी-नांदेडला हुडहुडी भरते. मराठवाड्यातल्या थंडीच्या लाटेआधी तिकडे पुष्कळदा नवे हिम पडून गेलेले असते. जोरदार हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे. आकाश निळे असते, फोटो सुंदर येतात आणि नवा थर अजून बसलेला नसतो. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला तो अधिक जाड साठतो. वसंतात दुपारच्या उन्हाने हिम ओले व जड होते; म्हणून मोहिमा मध्यरात्रीनंतर निघून सकाळी परततात.

घटना : ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर १९,६०० फूट उंचीची सोनम चौकी गाडली गेली आणि दहा जवान अडकले. त्यांत एक सातारा जिल्ह्यातला होता. दहांपैकी हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या माछिल भागात लोटातून बाहेर काढलेले पाच जवान नंतर दगावले. त्यांत एक परभणी जिल्ह्याचा होता. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक द्रौपदी का डांडा शिखराजवळ लोटात सापडले आणि २९ जण गेले. ही सगळी शिकलेली, शिकणारी माणसे होती. प्रशिक्षण धोका कमी करते, नाहीसा करत नाही.

औरंगाबादचे पोलीस शिपाई रफिक शेख एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात बर्फ कोसळून १६ नेपाळी कामगार मरण पावले आणि शेख यांची मोहीम थांबली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने पुमोरी बाजूचा लोट बेस कॅम्पवर आणला आणि दुसरी मोहीमही थांबली. २०१६ मध्ये ते शिखरावर पोहोचले; एव्हरेस्ट चढणारे ते मराठवाड्याचे पहिले. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्या लातूरकरांना भूकंप माहीत आहे, पण तोच धक्का उंच डोंगरात हिम सुटायलाही कारण होतो, हे बहुतेकांना नवे असेल. २०१७ मध्ये मराठवाड्याच्याच मनीषा वाघमारे खराब हवामानामुळे शिखर जवळ असताना परत फिरल्या आणि २०१८ मध्ये चढल्या. या नोंदीच्या दृष्टीने त्यांचे परत फिरणे चढण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

बचाव : गाडल्या गेलेल्या माणसाची खरी मुदत पहिली १० ते १५ मिनिटे. थांबल्याबरोबर लोटाचे हिम घट्ट होते, हात हलवता येत नाही आणि श्वास कोंडतो. हेलिकॉप्टर इतक्या वेळात येत नाही, म्हणून सुटका सोबत्यांच्याच हाती असते. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेश देणारे व पकडणारे यंत्र, जोडून लांब करता येणारी काठी आणि फावडे लागते. एकाजवळ नसले तरी साखळी तुटते. संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

इशारे : हिम व हिमलोटांच्या अभ्यासासाठी मनालीत १९६९ मध्ये सुरू झालेली संस्था २०२० पासून संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापना या नावाने चंडीगडहून काम करते. ती हिवाळ्यात हिमाच्छादित भागांसाठी धोक्याच्या पातळीसह इशारे देते. हे इशारे जिल्हा प्रशासनामार्फत आणि बातम्यांतून कळतात. गिर्यारोहणाचे मूलभूत शिक्षण उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग येथील संस्थांत मिळते; पुण्याच्या गिरिप्रेमीनेही प्रशिक्षण संस्था चालवली आहे.

केदारकंठा किंवा मनालीकडे हिवाळ्यात निघणाऱ्या नांदेड-लातूरच्या तरुणांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावे की आजचा इशारा कोणत्या पातळीचा आहे, वाटेत ३० अंशांहून तीव्र उतार कुठे लागतो आणि लोटात सापडलेल्याला शोधायचा सराव तुमच्या माणसांनी शेवटचा केव्हा केला. उत्तर मिळाले नाही तर त्या आयोजकाबरोबर जाऊ नये.