वक्तृत्वाची बिदागी

कीर्तनकारास बिदागी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पण लोकांच्या अंगीं हुरूप यावा म्हणून बोलणें, आणि त्यावरच पोट भरणें, हें आमच्या वर्गास अजूनहि किंचित् चमत्कारिक वाटतें. अमेरिकेंत हा धंदा शतकापूर्वींच रूढ झाला. १८७४ त न्यूयॉर्क संस्थानांतील शटॉक्वा सरोवराच्या कांठीं ज्ञानसत्रें सुरू झालीं, आणि १९०४ पासून त्याच नांवाचे तंबू व्याख्याते घेऊन गांवोगांव हिंडूं लागले.

मिसूरीच्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा डेल कार्नेगी (जन्म १८८८) याची मनीषा ह्याच तंबूंत उभें राहण्याची होती. अध्यापक-विद्यालयाच्या गांवीं राहण्याचा खर्च झेपेना, म्हणून तो रोज घोड्यावरून ये-जा करी व वाटेंत भाषणें घोकी. पुढें डाकोटा प्रांतांत साबण, चरबी व डुकराचें मांस विकून त्यानें ५०० डॉलर गांठीं बांधले आणि १९११ त नोकरी सोडली. शटॉक्वा मात्र दूरच राहिलें; नाट्यशाळा, नाटकमंडळीबरोबर भ्रमंती, मोटारींची विक्री, असे दिवस गेले.

१९१२ सालीं न्यूयॉर्कच्या १२५ व्या रस्त्यावरील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनमध्यें त्यानें रात्रीचा वक्तृत्ववर्ग मागितला. रात्रीस दोन डॉलर वेतन देण्यास चालक तयार होईनात. नफा झालाच तर त्यांत वांटा, एवढेंच ठरलें.

आमच्या मतें ह्या नकारांतच त्याचें भाग्य होतें. ठराविक वेतनाचा शिक्षक घड्याळाकडे कसा पाहतो, तें आम्ही प्राध्यापकमंडळी चांगलें जाणतों! येथें श्रोता पुन्हां न आला तर शिक्षक उपाशी. शिवाय येणाऱ्यांस डेमॉस्थेनीस व्हावयाचें नव्हतें. कचेरींतल्या बैठकींत घाम न फुटतां चार वाक्यें बोलतां यावीं, एवढीच त्यांची निकड. पहिल्याच वर्गांत कार्नेगीची शिदोरी संपली. वेळ तर उरला. तेव्हां त्यानें एकेकास उभें करून, तुम्हांस राग कशाचा येतो तें सांगा, म्हटलें. रागाच्या भरांत माणसें भय विसरलीं आणि बोलूं लागलीं.

तीन वर्षांच्या आंत त्याच वांट्यानें त्यास रात्रीस तीस डॉलर पडूं लागले. १९३६ त निघालेलें त्याचें सुप्रसिद्ध पुस्तकहि अशाच वर्गांतून जन्मलें. वर्गास बसलेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या माणसानें तें त्याच्याकडून लिहवून घेतलें.