सत्तांतर
व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची लघुकादंबरी (१९८२). माडगूळकर पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम सांभाळत; रानात हिंडून प्राणी निरखणे व त्यांची रेखाटने करणे हा त्यांचा जन्माचा नाद. कादंबरीची पात्रे वानरे आहेत. टोळीची सत्ता हिसकावणारा नर आधीच्या म्होरक्याची पिल्ले मारतो, हे वानरांमधले वास्तव तिचा कणा. तुलनेसाठी दुसरी प्राणिकथा घ्यावी: जॅक लंडनच्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मधला (१९०३) बक हा पाळीव कुत्रा क्लोंडाइकच्या बर्फातून अखेर लांडग्यांत जातो, पण त्याची वाट माणसांच्या लोभातून व मायेतून जाते. माडगूळकरांनी माणूस दूर ठेवला आणि निवेदन कोरडे. सत्ताबदलाची ही कथा राजकीय रूपक वाटू शकते, पण एवढ्याच अंगाने कादंबरी शिकवणे अपुरे. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.